फ्लेक्स आणि चित्ररथ: एआयच्या व्हिडिओत कॅमेरा नेमका काय करतो?

वैशाखातली शिवजयंती जवळ आली की बेळगावात मंडळांची धांदल सुरू होते. चित्ररथाचा विषय ठरतो, पात्रं ठरतात, ट्रॅक्टर-ट्रॉली कुणाची हे ठरतं. अलीकडे त्यात एका कामाची भर पडली आहे, ते म्हणजे मोबाईलवर फिरवायचा छोटा व्हिडिओ. पूर्वी त्यासाठी पोरं आमच्यासारख्या लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्यांकडे यायची. आता ती एआयवर व्हिडिओ बनवूनच येतात आणि तो नीट करून मागतात.

येळ्ळूरकडचा एक पोरगा असाच आला. त्याने फोन पुढे केला. आठ सेकंदांची क्लिप होती. गड, पहाट, धुकं, भगवा, मशाली घेतलेले मावळे. चित्र म्हणून नावं ठेवायला जागा नव्हती. पण पोरगा काही खूश नव्हता. म्हणाला, "सगळं हाय की ओ दादा, पण पिक्चरवानी वाटंना."

त्याचं बरोबर होतं. ही तक्रार त्याच्या एकट्याची नाही. निपाणीपासून खानापूरपर्यंत दुकानाची जाहिरात असो, जत्रेचं आमंत्रण असो की वाढदिवसाची क्लिप असो, एआयचे व्हिडिओ आता सगळीकडे दिसतात आणि बहुतेकांचं दुखणं एकच असतं. रंग सुंदर, चेहरे सुंदर, आणि तरी भिंतीवरचं कॅलेंडर बघितल्यासारखं वाटतं. माझ्या मते दोष चित्रात नसतो. बघणारा कुठे उभा आहे आणि कुठे चालला आहे, हे कुणी ठरवलेलंच नसतं. सिनेमात ते काम कॅमेऱ्याची हालचाल करते. ती समजून घेतली तर फुकटातल्या टूलवरही क्लिप पुष्कळ सुधारते, म्हणून हा लेख.

एआयकडे कॅमेरा नसतोच

जुन्या टीव्हीचा अँटेना वाऱ्याने फिरला की पडद्यावर मुंग्या यायच्या, आठवतंय? एआयचा व्हिडिओ त्या मुंग्यांपासून सुरू होतो. मॉडेलला, म्हणजे व्हिडिओ बनवणाऱ्या एआयच्या प्रणालीला, शिकवताना असंख्य व्हिडिओ आणि त्यांची लेखी वर्णनं दिलेली असतात. त्या व्हिडिओंवर मुद्दाम मुंग्या टाकायच्या आणि त्या पुसून मूळ चित्र परत काढायला लावायचं, असा तो अभ्यास. या पद्धतीला डिफ्युजन म्हणतात. पुढे आपण काय हवं ते लिहून दिलं, म्हणजे प्रॉम्प्ट दिला, की मॉडेल निव्वळ मुंग्यांपासून सुरुवात करतं आणि आपल्या शब्दांच्या आधाराने त्या टप्प्याटप्प्याने हटवत जातं.

सेकंदाला २४ चित्रं धरली तर आठ सेकंदांच्या क्लिपमध्ये १९२ चित्रं होतात. साधारणपणे ती एकामागून एक काढली जात नाहीत. सगळ्यांवरच्या मुंग्या मिळूनच विरत जातात, म्हणून हालचाल सलग दिसते.

या सगळ्यात भिंग नाही, स्टँड नाही, कॅमेरामन नाही. कॅमेरा पुढे गेला की चित्रात काय काय होतं, याचा मॉडेलने पाहून पाहून बांधलेला अंदाज तेवढा आहे. त्यामुळे आपण कॅमेऱ्याबद्दल काहीच लिहिलं नाही, तर ते सर्वांत बिनधोक मार्ग धरतं. माझ्या अनुभवात ते दोनच गोष्टी करतं: एक तर जागेवर थांबतं, नाहीतर अगदी हळू पुढे सरपटतं. दहातल्या आठ क्लिपा अशा सरपटणाऱ्या असल्या की कुणाचाही डोळा विटणारच.

मानेचं काम आणि पायाचं काम

मिरवणुकीच्या रात्री पुढचा चित्ररथ हलेना म्हणून मागचा गल्लीच्या तोंडाशी थांबून राहतो. अशा वेळी एक करून बघा. जागेवर उभं राहिलात तर समोर एक देखावा दिसतो. पुढे ढाल-तलवार घेतलेला मावळा, मधे सिंहासन, मागे रंगवलेला गड. आता चित्ररथाच्या कडेने चार पावलं चाला. मावळा झर्रकन सरकतो, सिंहासन थोडंसं सरकतं, मागचा गड जेमतेम हलतो. ढालीआड दडलेला पहारेकरी अचानक उघडा पडतो. त्या चार पावलांत तुमच्या मेंदूने ताडलेलं असतं की ही जागा खोल आहे, हिच्यात माणसं उभी आहेत, आत शिरता येईल.

मग शेजारच्या खांबावरच्या फ्लेक्सकडे बघत तीच चार पावलं चाला. त्यावरही मावळा, सिंहासन, गड सगळं आहे. पण तिथे काही उघडं पडत नाही, काही झाकलं जात नाही. सगळं एकाच कागदाला चिकटलेलं असतं.

आपण चाललो की जवळचं भरभर आणि लांबचं सावकाश सरकतं, या प्रकाराला पॅरलॅक्स म्हणतात. शब्द अवघड असला तरी अनुभव रोजचा आहे. बेळगावाहून खानापूरला रेल्वेने जाताना रुळाकडेचे खांब सटासट मागे जातात, भाताची शेतं निवांत सरकतात, आणि लांबची डोंगराची रांग आपल्याबरोबरच चालल्यासारखी वाटते. हिशोब करून पाहिला तर कॅमेरा १ मीटर बाजूला सरकला की २ मीटरवरची वस्तू सुमारे २७ अंशांनी सरकते, २० मीटरवरची ३ अंशांनी, आणि २ किलोमीटरवरच्या गडाला अंशाच्या तिसाव्या भागाइतकाही फरक पडत नाही. हा फरक म्हणजेच खोली. चित्रात जवळ काहीच नसेल, तर कॅमेरा कितीही हलवा, खोली येणार नाही. हे एक वाक्य ध्यानात राहिलं तरी निम्मं काम झालं.

आता कॅमेऱ्याच्या हालचालींची नावं. त्यांचे दोन गट मी माझ्या सोयीसाठी केले आहेत. मानेच्या आणि डोळ्याच्या हालचाली तीन. पॅन म्हणजे जागेवर उभं राहून मान डावी-उजवीकडे वळवणं. टिल्ट म्हणजे मान वर-खाली करणं. झूम म्हणजे न हलता दुर्बिणीतून बघणं. पायाच्या हालचाली वेगळ्या. ट्रॉली किंवा डॉली म्हणजे कॅमेरा चाकांवरून पुढे, मागे किंवा बाजूला नेणं. क्रेन म्हणजे जत्रेत बापाने पोराला खांद्यावर घ्यावं तसं वर उचललं जाणं. हँडहेल्ड म्हणजे कॅमेरा हातात धरून चालणं, त्यात श्वासाची आणि पावलांची थरथर येते.

पॅन, टिल्ट आणि झूममध्ये पाय जागचे हलत नाहीत, त्यामुळे पॅरलॅक्स नाही. झूमने चित्र फक्त मोठं होतं, फ्लेक्स जवळ ओढल्यासारखं. खात्री करायची असेल तर दारातल्या तुळशीपाशी जा. तुळशीच्या एखाद्या फांदीआड मागच्या चौकटीवरचं तोरण अर्धं लपेल असे उभे राहा आणि मोबाईलवर झूम करा. फांदी मोठी होईल, तोरण मोठं होईल, पण जेवढं लपलं होतं तेवढंच लपलेलं राहील. मग झूम काढा आणि दोन पावलं पुढे चालत जा. फांदी फुगून बाजूला जाते, तोरणाचं वेगळंच टोक पुढे येतं. कुंडीची कडही दिसू लागते, मघाशी तिचा पत्ता नव्हता. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांकडून मी हा प्रयोग पहिल्या दिवशी करून घेतो. समजावून सांगण्यापेक्षा तुळस लवकर शिकवते.

हे पाय मिळायला बराच काळ गेला

१८९६ साली, सिनेमाची सुरुवात करणाऱ्या फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंसाठी काम करणाऱ्या अलेक्झांद्र प्रोमियोने व्हेनिसमध्ये कॅमेरा नावेत ठेवला आणि काठावरचे वाडे सरकताना टिपले. हलत्या कॅमेऱ्याच्या अगदी पहिल्या दृश्यांत त्याची गणना होते. त्याच वर्षी ७ जुलैला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएरची चित्रं दाखवली गेली. पुढे आपल्याच शेजारी, कोल्हापुरात, नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार करून सिनेमे काढले. रूळ टाकून ट्रॉली, मग क्रेन, आणि १९७० च्या दशकाच्या मध्यात गॅरेट ब्राउनने काढलेला स्टेडीकॅम, म्हणजे अंगावर बांधून चालता येईल असा न हिसकणारा कॅमेरा. आज आमच्या हातात असलेला गिंबल, म्हणजे चालताना कॅमेरा स्थिर धरणारा दांडा, त्याच वंशातला.

हा इतिहास सांगण्याचं कारण वेगळं आहे. प्रत्येक हालचालीला घाम लागायचा. लग्नाच्या हॉलमध्ये दहा फूट रूळ टाकायचे म्हणजे फरशी सपाट नसते, पट्टीखाली लाकडाच्या पाचरी माराव्या लागतात, एक जण ढकलायला, एक जण पाहुण्यांना आवरायला. एवढं करायचं तर शॉट कशासाठी हे आधी ठरवावंच लागायचं. नवरी बोहल्याकडे येतेय, तिच्याबरोबर आपण चालायचं, ती थांबली की थांबायचं. एआयमध्ये तीच हालचाल एका शब्दावर मिळते, त्यामुळे कारण ठरवायची गरज कुणाला वाटत नाही. मला विचाराल तर एआयचे व्हिडिओ कोरडे वाटण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे.

"सिनेमॅटिक" लिहिल्याने काय मिळतं?

पोराचा प्रॉम्प्ट मी वाचला. "राजहंसगड, पहाट, मावळे, भव्य, सिनेमॅटिक, अतिशय वास्तव." सिनेमॅटिक या शब्दाने सिनेमाचा पोशाख मिळतो. नारिंगी-निळे रंग, मागची धूसर पार्श्वभूमी, वर-खाली काळ्या पट्ट्या, संथ गती. बघणारा मात्र मिळत नाही.

शिवाय त्या क्लिपमधला गड आपला नव्हताच. बुरुजावर राजस्थानी धाटणीचे झरोके आले होते. मॉडेलला राजहंसगड ठाऊक नाही, त्याने पाहिलेल्या सगळ्या किल्ल्यांची सरासरी काढून दिली. त्यावर उपाय सोपा आहे. आपण काढलेला फोटो पहिली फ्रेम, म्हणजे क्लिपचं पहिलं चित्र, म्हणून द्यायचा आणि प्रॉम्प्टमध्ये फक्त हालचाल लिहायची. बहुतेक टूल्समध्ये ही सोय असते. त्या पोराकडे गडावरचे स्वतः काढलेले फोटो ढिगाने होते. त्यातला एक निवडला. डावीकडे तटाचे दगड अगदी जवळ, मधे पायवाट, लांब बुरूज. तो फोटो घ्यायचं कारण तुम्हाला आता कळलं असेल, त्यात जवळचं काहीतरी होतं.

मग आम्ही दोघांनी बसून कॅमेऱ्याचा प्रॉम्प्ट लिहिला. त्याचा मराठीतला मजकूर असा:

"कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, तटाच्या दगडांना लागून. हळू चालीने सरळ पुढे जातो. डावीकडचे दगड फ्रेमच्या कडेने जवळून मागे जातात. पायवाटेवर एक मावळा मशाल घेऊन पाठमोरा चालतो आहे, कॅमेरा त्याच्या चार पावलं मागे. लांबचा बुरूज जवळजवळ जागेवर. झूम नाही, पॅन नाही, एकच हालचाल. मावळा थांबतो, तेव्हा कॅमेराही थांबतो."

यात "भव्य" नाही की "सिनेमॅटिक" नाही. चार गोष्टी आहेत: बघणाऱ्याची उंची, तो कुठे चालला, त्याच्या जवळून काय जातं, आणि तो कधी थांबतो. उंची मी नेहमी पहिली लिहितो, कारण उंची सांगितली की कोण बघतंय हे ठरतं. गुडघ्याच्या उंचीवर लपून जाणारा माणूस असतो. पाच फुटांवर उभा माणूस. शंभर फुटांवर कुणीच नसतं. एआयच्या क्लिपा ड्रोनच्या उंचीवर का तरंगतात हे मला कळत नाही, पण तिथून बघितलेल्या मावळ्याची धाप कुणालाच ऐकू येत नाही.

पहिला प्रयत्न फसला, मशालीचा हात तटाच्या दगडातून आरपार गेला. दुसऱ्यात कॅमेरा मावळ्याच्या पुढे निघून गेला. तिसऱ्या वेळी "चार पावलं मागे, अंतर बदलत नाही" एवढं वाढवलं. चौथी क्लिप आली तेव्हा दोघंही गप्प बसून ती तीनदा बघितली. दगड अंगावरून गेल्यासारखे सरकत होते. एका दगडावर दवाने चमकणारं शेवाळ होतं, ते फ्रेमच्या कडेला फुगून धूसर झालं आणि गेलं, आणि त्याच्यामागून मशालीचा उजेड पायवाटेवर पडलेला दिसला.

कोणती हालचाल काय सांगते?

पुस्तकी नियम करू नये, पण अंदाज असावा. ट्रॉली पुढे नेली की बघणाऱ्याला उत्सुकता किंवा ओढ वाटते. मागे घेतली की एकटेपण किंवा उलगडा: हाताजवळून निघालो, मग माणूस दिसला, मग रिकामं अंगण दिसलं. वर उचलला की एकाचा समूह होतो. गोकाकच्या धबधब्यासाठी मला टिल्टच आवडतो. सुमारे ५२ मीटर उंचीवरून पडणारं पाणी तळापासून वर बघत जाण्यात मान दुखावी एवढी उंची जाणवते. तिथल्या झुलत्या पुलावर मात्र पायच हवेत, फळ्या आणि दोर जवळून जायला हवेत.

सर्वांत कमी वापरली जाणारी आणि मला सर्वांत प्रिय हालचाल म्हणजे बाजूने सरकणं. बेळगावातल्या वडगाव-खासबागच्या एखाद्या मागाची क्लिप बनवायची असेल तर विणकराच्या चेहऱ्याकडे जाऊ नका. ताण्याच्या दोऱ्यांना लागून, दोऱ्यांच्या उंचीवर, डावीकडून उजवीकडे सरका. जवळचे दोरे पडद्यासारखे सरकतात, त्यांच्या फटीतून मागचा हात दिसतो, झाकतो, पुन्हा दिसतो. धोटा सटकन जातो. दहा सेकंदांत प्रेक्षक त्या खोलीत असतो. एआयला बारीक समांतर दोरे जड जातात, ते एकमेकांत वितळतात, त्यामुळे दोरे थोडे जाड आणि मोजके मागावेत आणि कॅमेरा संथ ठेवावा.

"मी डॉली म्हणतो, तो झूम करतो, असं का?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. कारण शिकवण्यातल्या वर्णनांत आहे. व्हिडिओचं वर्णन लिहिणारे, माणूस असो वा यंत्र, डॉली, झूम आणि "पुढे जाणं" यांची सरमिसळ करतात. मॉडेल तेच शिकतं. म्हणून हालचालीचं नाव लिहा, पण तेवढ्यावर भिस्त ठेवू नका. हालचालीचा परिणाम लिहा. "दाराची चौकट फ्रेमच्या दोन्ही कडांनी बाहेर जाते" असं लिहिलं की झूमने ते साधत असलं तरी मॉडेल बहुधा चालत जाण्याचाच अंदाज बांधतं, त्यात "चौकटीच्या आतली बाजू दिसू लागते" हे जोडलं की झूमला वावच उरत नाही. न हलता आतली बाजू दिसूच शकत नाही. आणखी एक, कॅमेऱ्याचे शब्द इंग्रजीतले वापरलेले बरे. दृश्य मराठीत लिहिलं तरी चालून जातं, पण "ट्रॉली"पेक्षा "डॉली" हा शब्द टूल्सना जास्त ओळखीचा आहे.

शब्दांवर विसंबायचं नसेल तर काही टूल्समध्ये दिशा आणि जोर थेट आकड्यांनी देता येतो. रनवे नावाच्या टूलमध्ये अशी सोय आहे. यामागच्या संशोधनातली एक गोष्ट मला फार आवडते. कॅमेऱ्याचा मार्ग मॉडेलला शिकवण्यासाठी अभ्यासकांनी वारंवार वापरलेला एक संग्रह घरं विकण्यासाठी यूट्यूबवर टाकलेल्या व्हिडिओंचा आहे. २०१८ चा तो संग्रह, सुमारे ८० हजार तुकडे, सुमारे १ कोटी फ्रेम. घर दाखवणारा माणूस दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात सावकाश, न थरथरता चालत जातो, खोलीतलं काही हलत नसतं, त्यामुळे कॅमेरा नेमका कसा हलला याचं गणित मांडता येतं.

"कॅमेरा फिरवला की माणूसच बदलतो"

पुतळ्याभोवती किंवा माणसाभोवती गोल फिरणारा शॉट, ज्याला ऑर्बिट म्हणतात, सगळ्यांना हवा असतो आणि सगळ्यात जास्त तोच बिघडतो. कारण समजून घ्या. समोरचा फोटो दिला तर पाठ कशी आहे हे मॉडेलला माहीत नसतं. ते पाठ रचतं. परत समोर येईपर्यंत मूळ चेहरा पुसट झालेला असतो, मग फेट्याचा रंग बदलतो, मिशी वेगळी होते. पॅन करून परत आलात तरी तेच, मघाशी ठेवलेला तांब्या गायब. जे फ्रेमबाहेर गेलं ते मॉडेल पक्कं लक्षात ठेवत नाही.

पूर्ण फेरी मागू नका. तीस-चाळीस अंशांचा कमानीसारखा तुकडा घ्या, तेवढ्यात पॅरलॅक्स भरपूर मिळतो. उरलेली बाजू हवी असेल तर दुसरी क्लिप त्या बाजूच्या फोटोवरून करा आणि जोडा. जोडताना दोन्ही क्लिपांत कॅमेऱ्याची दिशा आणि वेग सारखा ठेवा, मधला सांधा डोळ्याला खुपत नाही. क्लिपची पहिली काही चित्रं कापून टाका, कारण खरी ट्रॉली वजनदार असते, ती हळूच सुटते आणि हळूच थांबते. एआयची बऱ्याचदा धावत्या गाडीतून उतरल्यासारखी सुरू होते.

आपल्याकडची एक खास अडचण म्हणजे पाट्या. बेळगावचा बाजार म्हटला की कन्नड, मराठी, इंग्रजी पाट्या आल्या. एआय त्यांची अक्षरं धड कन्नडही नाही आणि धड देवनागरीही नाही अशी काढतं, आणि कॅमेरा हलला की ती वळवळतात. बाजार दाखवायचा तर पाट्या फ्रेमबाहेर ठेवा, खाली हातगाडी, फुलांच्या टोपल्या, पायांची गर्दी घ्या. पाटी हवीच असेल तर एडिटिंगमध्ये वरून लावा.

"मग प्रत्येक शॉटमध्ये कॅमेरा हलवायचा?"

मुळीच नको. कुणी महत्त्वाचं बोलत असेल, कुणी रडत असेल, तिथे स्थिर कॅमेऱ्याइतकं जवळचं काही नाही. एका क्लिपमध्ये एकच हालचाल ठेवा. पुढे जा, वर उचल, वळ असं तिन्ही एकदम मागितलं की मॉडेल तिन्हींची खिचडी करतं. वेगही आवरा. पॅन करताना फ्रेमच्या एका कडेची वस्तू दुसऱ्या कडेला पोचायला सातेक सेकंद लागावेत, असा सेकंदाला २४ फ्रेम चालणाऱ्या सिनेमाचा जुना ठोकताळा आहे, नाहीतर चित्र थडथडतं. म्हणजे आठ सेकंदांच्या क्लिपमध्ये पॅनला जेमतेम एका फ्रेमच्या रुंदीची मुभा आहे. एवढ्यात अख्खा गड दाखवायचा हट्ट धरू नये.

"हे सगळं इतकं खरं वाटायला लागलं तर?"

हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही, आणि सीमाभागात तर कुणीच घेऊ नये. कॅमेऱ्याच्या हालचालीने चित्र खरं वाटतं, तर तीच युक्ती खोट्यालाही खरं करते. सर्वांत धोकादायक हालचाल हँडहेल्ड आहे. घाईत, धावताना, मोबाईलवर काढल्यासारखी थरथर मागितली की आपल्याला आपोआप वाटतं की कुणीतरी तिथे होतं. एखाद्या घटनेवरून दोन राज्यांमधली बससेवा रातोरात थांबते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. अशा ठिकाणी मोर्चा, दगडफेक, भांडण यांची थरथरती क्लिप गंमत म्हणूनसुद्धा बनवू नये. माझ्याकडे कुणी मागितली तर मी सरळ नाही म्हणतो. आणि जे बनवतो त्यावर "एआयने बनवलेलं" असं मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही लिहितो. गुगलचं व्हिओ हे टूल आपल्या व्हिडिओत सिंथआयडी नावाची न दिसणारी खूण टाकतं, पण रस्त्यावर फोन बघणाऱ्याला ती दिसत नाही. त्याला वाचता येईल अशी ओळ हवी.

दुसरी भीती पोटाची आहे. आमची, लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्यांची. निमंत्रणाच्या क्लिपा, दुकानाच्या छोट्या जाहिराती ही कामं माझ्या हातून गेली आहेत, ती परत येतील असं मला वाटत नाही. नवरीच्या आईचा चेहरा अक्षता पडताना कसा होतो ते मात्र कुठल्याही मुंग्यांमधून निघत नाही, तिथे कुणीतरी पाय घेऊन उभं राहावं लागतं. रूळ टाकताना, पाचरी मारताना आम्ही जे शिकलो, ते आता मी पोरांना प्रॉम्प्ट लिहिताना शिकवतो. त्याचे पैसे फार मिळत नाहीत, पण काम आवडीचं आहे.

येळ्ळूरच्या पोराने ती चौथी क्लिप घरी नेली. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आजीला दाखवली म्हणाला. चष्मा लावून, फोन हातात धरून ती बघत होती. तटाचा दगड आडवा आला तेव्हा तिने मान वाकडी केली, मावळा कुठे गेला ते दगडाआडून बघायला.